परदेशी घडीचा चाकू घेताना : आपल्या किनाऱ्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. मोठा भाऊ बरीच वर्षं बोटीवर होता आणि सुट्टीवर येताना खाऊबरोबर एखादा चाकूही आणायचा, त्यामुळे घरात नाना देशांचे चाकू जमले. आता गावात कुणाचा मुलगा आखातातून किंवा बोटीवरून चाकू घेऊन आला की तो दाखवायला आमच्या पडवीत येतो. विचारलं जातं ते बहुतेक तेच असतं, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

चाकू हातात घेतल्यावर आधी काय बघायचं? कंपनी, देश की पोलाद?

तिन्ही नंतर. आधी धारेच्या लगेच वर पातं किती जाड आहे ते बघा. पात्याच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून बोटं पाठीकडून धारेकडे हळूच सरकवा, धारेला बोट न लावता. पातं एकसारखं निमुळतं होत गेलं, तर तो चाकू कापेल. धारेपाशीही जाडच लागलं, तर तो पाचरीसारखा फाडत जाईल. बाजारात सध्या साडेतीन-चार मिलिमीटर जाड पात्याचे, काळे, लढाऊ दिसणारे चाकू खूप येतात. हातात वजनदार लागतात म्हणून लोकांना दर्जेदार वाटतात. अशा चाकूने कैरीची फोड करून बघा, फोड कापली न जाता तडकते. उलट फ्रान्सचा ओपिनेल ८ नंबर बघा. पातं साडेआठ सेंटिमीटर लांब, पाठीलाही दोन मिलिमीटरपेक्षा कमी जाड, मूठ लाकडाची, पण आंबा काय, नारळाचं खोबरं काय, सुरळीत उतरतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपले लोहार म्हणतात ना, ‘पात्याला पाणी बरोबर बसलंय’, तेच कारखान्यातही खरं आहे. पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड करायचं आणि मग पुन्हा मंद आचेवर त्याचा कडकपणा थोडा उतरवायचा. हे काम बिघडलं तर महागातलं पोलादही वाया जातं, आणि नीट साधलं तर साधं पोलादही वर्षानुवर्षं साथ देतं. पाणी डोळ्यांना दिसत नाही, पण कामात कळतं. एकाच काथ्याच्या दोरीचे वीस तुकडे करा आणि धार उजेडात धरा. ती एका बाजूला वळली असेल तर पातं मऊ, बारीक कपचे उडाले असतील तर ठिसूळ.

यात एक काळजी घ्या. कारखान्यातली पहिली धार यंत्रावर घासताना कधीकधी जास्त तापते आणि तिचं पाणी उतरतं. म्हणून नवा चाकू निसण्यावर दोन-तीनदा घासून झाल्याशिवाय त्याबद्दल मत बनवू नका. पहिल्या आठवड्यात मी नाकारलेला एक चाकू पुढे सहा वर्षं माझ्या खिशात होता.

पात्यावर ‘सर्जिकल स्टील’, ‘जर्मन स्टील’ असं कोरलेलं असतं. ते कसं समजायचं?

त्यातून काहीच कळत नाही असं समजा. ‘सर्जिकल स्टील’ हे कुठल्याही एका पोलादाचं नाव नाही. ‘जर्मन स्टील’ म्हणजे चाकू जर्मनीत बनला असं होत नाही. चांगला कारखानदार पोलादाचं नेमकं नाव सांगतो, कारण त्या नावामुळे तो बांधला जातो. नाव कुठेच नसेल, तर मी सगळ्यात हलकं पोलाद धरून किंमत ठरवतो.

पोलादाच्या नावातले आकडे कसे वाचायचे?

काही नावं स्वतःच सगळं सांगतात. चीनच्या चाकूंवर ‘८सीआर१३एमओव्ही’ दिसतं. त्यात सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम असतं. कार्बनने पातं कडक होतं, क्रोमियमने गंज लांब राहतो. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असेल तर पोलादाला स्टेनलेस म्हणतात. ‘४४० सी’ मध्ये कार्बन सुमारे एक टक्का आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के. ओपिनेलच्या स्टेनलेस पात्यात स्वीडनचं ‘१२सी२७’ वापरतात. ते धारेला सोपं आणि गंजाला बऱ्यापैकी दाद न देणारं आहे.

फसगत ‘डी-२’ मध्ये होते. त्यात ११ ते १३ टक्के क्रोमियम असतं, म्हणून दुकानदार छातीठोकपणे स्टेनलेस सांगतो. पण कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असल्याने बरंचसं क्रोमियम त्या कार्बनशी बांधलं जातं आणि गंज अडवायला पुरेसं मोकळं राहत नाही. कोल्हापूर-पुण्याच्या कोरड्या महिन्यांत ते खपून जाईल. आपल्याकडे मात्र आषाढात पडवीतल्या खुंटीवर टांगलेल्या माझ्या डी-२ च्या पात्यावर आठवड्याभरात तांबूस ठिपके आले होते. धार मात्र ते खूप टिकवतं, हेही सांगायला हवं.

कडकपणासाठी रॉकवेलचा आकडा देतात. ५६ ते ५८ म्हणजे घरी निसण्यावर सहज धार लागेल असं पातं. ६० च्या वर धार जास्त टिकते, पण उतरली की लावायलाही तितकाच वेळ लागतो. घरी साधा कुरुंदाचा दगड असेल तर ६२ चं पातं घेऊन हातांना दुःख देऊ नका.

खाऱ्या हवेत कुठला चाकू टिकतो?

आपल्यासाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि पुण्या-मुंबईचे जाणकार नेमका हाच सोडून देतात. स्टेनलेसच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो, तो गंज अडवतो. मिठातलं क्लोराइड त्या पापुद्र्याला जागोजागी भोक पाडतं. म्हणून किनाऱ्यावर स्टेनलेस चाकू वरून लखलखीत दिसतो आणि आतून सुईने टोचल्यासारखा खड्डे पडत खराब होतो. सुरुवात नेहमी सांध्यापासून होते, जिथे पातं मुठीत शिरतं, कारण तिथे खारा ओलावा अडकून राहतो.

खास समुद्रासाठी बनलेली पोलादं आहेत. त्यांत कार्बनच्या जागी बराचसा भार नायट्रोजनवर असतो. ‘एच-१’ आणि ‘एलसी २०० एन’ ही त्यांतली दोन. अमेरिकेच्या स्पायडर्को कंपनीच्या ‘सॉल्ट’ मालिकेत ती वापरली गेली आहेत. ती महाग आहेत. रोज खाऱ्या पाण्यात हात असलेल्या माणसाने पैसे खर्चावेत, बागायतदाराला त्यांची गरज नाही.

पोलादाइतकाच सांधा महत्त्वाचा. हल्ली पुष्कळ चाकूंत पातं झटकन उघडावं म्हणून सांध्यात छऱ्यांचं बेअरिंग बसवतात. दुकानात ते फार आवडतं. पुळणीवरच्या दोन फेऱ्यांत त्यात वाळू बसते आणि पोलादी छरे गंजतात. किनाऱ्यावर फॉस्फर ब्राँझचे किंवा नायलॉनचे चपटे वायसर असलेला सांधा घ्या. मुठीची पाठ मोकळी असेल, म्हणजे आत बोटभर फट असेल, तर अजून चांगलं. गोड्या पाण्याखाली धरला की आतली घाण निघून जाते.

खटका मजबूत आहे हे कसं ओळखायचं?

खटका म्हणजे उघडलेलं पातं अचानक मिटू न देणारा अडसर. त्याचे प्रकार समजून घ्या. नेहमीच्या लहान स्विस खिशाचाकूत खटका नसतो, फक्त पाठीची कमान पातं धरून ठेवते. दुसऱ्या प्रकारात मुठीतली पट्टी आतून सरकून पात्याच्या बुडाला टेकते. तिसऱ्यात पाठीवरची दांडी दाबली की पातं सुटतं. अमेरिकेचा बक ११० हा त्याचा नामांकित नमुना, १९६० च्या दशकापासून बनतो आहे. आणि ओपिनेलला फिरणारी लोखंडी कडी असते, १९५५ पासूनची.

पट्टीचा खटका असेल तर चाकू उघडून बुडाकडे बघा. पट्टीची जवळजवळ एक तृतीयांश ते अर्धी जाडी पात्याखाली आलेली असावी. जेमतेम कडेला टेकली असेल तर घेऊ नका. पार पलीकडे पोचली असेल तर झिजायला जागा उरलेली नाही. मग पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर ठेवून, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला काढून, तळहाताने मुठीवर हळूहळू जोर द्या. आपटायचं नाही. नंतर पातं वर-खाली आणि डावं-उजवं हलवून पाहा. डावं-उजवं थोडं हलत असेल तर स्क्रू आवळून जातं. वर-खाली हलत असेल तर दोष खटक्यातच आहे, चाकू परत करा.

मिटलेला चाकूही बघा. पातं दोन्ही बाजूंच्या मधोमध बसलं पाहिजे. आणि उलटा धरून झटकल्यावर ते बाहेर डोकावता कामा नये. हा चाकू धोतराच्या, लुंगीच्या कनवटीला नाहीतर बर्म्युड्याच्या खिशात राहणार आहे.

माझा ओपिनेल पावसाळ्यात उघडतच नाही. माल खराब आहे का?

नाही. मूठ बीचच्या लाकडाची असते, आपल्या जून-जुलैत ती ओल पिऊन फुगते आणि पातं आवळून धरते. मुठीचं मागचं टोक टेबलावर टकटक आपटा, पातं थोडं बाहेर येतं आणि नखाने धरता येतं. हे तिथले लोकही करतात, ओपिनेल ज्या सावॉय प्रांतातला आहे तिथल्या माणसांच्या नावानेच ही युक्ती ओळखली जाते. कायमचा उपाय मे महिन्यात करायचा. मुठीची खाच बारीक पॉलिश पेपरने किंचित मोकळी करा, मग मुठीला जवसाचं तेल दोन-तीनदा पाजून प्रत्येक वेळी नीट सुकू द्या. पाण्यात बुडवून ठेवणं मात्र कधीच नको.

हा चाकू १८९० पासून बनतो आहे. त्याची कार्बन आणि स्टेनलेस अशी दोन पाती मिळतात. कार्बनचं पातं धारेला अप्रतिम, पण कोकम, कैरी, लिंबू लागलं की काळं पडतं आणि फोडीलाही लोखंडाची चव देतं. आपल्या स्वयंपाकघरासाठी स्टेनलेसच घ्या.

स्विस चाकू खरा की नकली?

व्हिक्टोरिनॉक्स स्वित्झर्लंडमधल्या इबाखची कंपनी, कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली सुरू केलेली. १८९१ मध्ये तिथून स्विस सैन्याला पहिले चाकू गेले. लाल मुठीवरचा क्रॉस कुणीही छापू शकतो, म्हणून त्यावर जाऊ नका. कात्री असेल तर टोकाने एकेरी पातळ कागद कापून पाहा. खरी कात्री टोकापर्यंत कापते, नकली कागद चघळते. प्रत्येक अवजार उघडताना आणि मिटताना ‘टक’ असा एकसारखा आवाज हवा. पाठीकडून उजेडात धरल्यावर थरांमध्ये फटी दिसू नयेत. मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव स्वच्छ, खोल उमटलेलं असतं.

एक गोष्ट लोक दोष समजतात: याचं पातं मुद्दाम जरा मऊ ठेवलेलं असतं, ५६ रॉकवेलच्या आसपास. चार दिवसांनी धार उतरते आणि चार वेळा घासल्यावर परत येते. गावात राहणाऱ्या माणसाला हा व्यवहार परवडतो. शिवाय पोलाद-कारागिरीतल्या दोषांवर कंपनीची आजन्म हमी असते.

जर्मनी, जपान, चीन. देश बघून किंमत द्यावी का?

गाव बघा, देश नाही. झोलिंगेन हे जर्मनीतलं पात्यांचं शहर, आणि १९३८ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. मालाची मुख्य प्रक्रिया तिथेच झालेली असेल तरच ते नाव पात्यावर घालता येतं. जपानात सेकी हे तसं गाव, आणि मिकीचा ‘हिगोनोकामी’ हा साधा, बिनखटक्याचा, पितळी-लोखंडी मुठीचा चाकू मला फार आवडतो. फ्रान्सचा ‘लागिओल’ मात्र सांभाळून घ्या. ते एका कंपनीचं नाव नाही. पाठीवर माशी कोरलेले स्वस्त ‘लागिओल’ चीन-पाकिस्तानातही बनले आहेत.

चिनी म्हणजे टाकाऊ, हे आता खरं राहिलेलं नाही. ग्वांगडोंगमधलं यांगजियांग हे चाकूंचं मोठं केंद्र आहे. तिथून पदपथावर विकला जाणारा रद्दी मालही निघतो आणि युरोपी चाकूंशी बरोबरी करणारी कारागिरीही. तिथल्या मालाला नावावरून नाही, वर सांगितलेल्या तपासण्यांवरून जोखा.

‘दमास्कस’चा नक्षीदार चाकू घ्यावा का?

शोभेला हवा तर घ्या. खरी नक्षी दोन पोलादांचे थर ठोकून येते, म्हणून ती पात्याच्या पाठीवरही सलग दिसते. पाठ कोरी असेल तर बहुतेक नक्षी वरवर उतरवलेली आहे. स्वस्तातला बराच माल पाकिस्तानच्या वजिराबादचा असायचा. २ मे २०२५ पासून भारताने पाकिस्तानी मालाच्या आयातीवर सरसकट बंदी घातली आहे, तेव्हा ‘नवीन आलाय’ म्हणणाऱ्याला कुठून आला ते विचारा. कार्बनच्या थरांचा असेल तर आपल्या हवेत तो सांभाळणं म्हणजे रोजचं तेलपाणी.

कलमं बांधायला कुठला घ्यायचा?

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. कोय कलम असो की मृदकाष्ठ, काडीला एकाच ओढीत सपाट, तिरका काप बसला पाहिजे. काप उंचसखल झाला की वर बसवायची काडी आणि खालचं रोप म्हणजे खुंट यांच्या सालीखालचे जिवंत थर एकमेकांना भिडत नाहीत आणि कलम मरतं. म्हणून कलमाच्या चाकूची धार सरळ असते आणि एकाच बाजूने घासलेली असते, दुसरी बाजू सुरीसारखी उतरती नसून सपाट. नेहमीच्या दुहेरी धारेचा चाकू काडीत शिरताना बाजूला ढळतो.

एकाच बाजूची धार म्हणजे उजव्या आणि डाव्या हाताचे चाकू वेगळे. माझी बायको डावखुरी आहे. तिने पाच वर्षं उजव्या हाताच्या चाकूवर कलमं बांधली आणि मरतूक जास्त होते म्हणून स्वतःला दोष देत राहिली. भावाने जर्मनीहून टिना कंपनीचा डाव्या हाताचा चाकू आणला, आणि पहिल्याच कापाला तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. विकत घेताना हात सांगून घ्या. काडीऐवजी नुसता डोळा (कळी) बसवून कलम करायचं असेल तर साल उचकायची छोटी जीभ असलेला घ्या. आणि हा चाकू फक्त कलमांनाच वापरा, सुपारी सोलायला कुणाला देऊ नका.

होडीवर न्यायला?

घडीचा चाकू होडीवर दुय्यमच. पंख्यात जाळं अडकलं तर सरळ, न मिटणारा सुराच हवा. तरी न्यायचा तर करवती धारेचा, नायट्रोजनच्या पोलादाचा, एका हाताने उघडणारा आणि दोरी ओवायला भोक असलेला. मूठ भडक पिवळी किंवा केशरी घ्या, डेकवर जाळ्यात पडलेली काळी मूठ सापडत नाही.

सांगितलेली किंमत रास्त आहे का, ते कसं ठरवायचं?

त्या कंपनीची तिच्या देशातली किंमत बघा आणि रुपयांत करा. आयात शुल्क, कर, आयातदाराचा नफा हे सगळं त्यावर चढतं. मग मूळ देशापेक्षा निम्म्या किमतीत नवा चाकू इथे कसा मिळेल? मिळत असेल तर तो नकली किंवा चोरट्या मार्गाचा असण्याचीच शक्यता जास्त. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि करांसह कमाल किंमत छापलेली असणं २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. ही माहिती नसलेला डबा म्हणजे हमीही नसलेला चाकू.

पैसा कुठे वाढतो तेही समजून घ्या. एका मर्यादेपर्यंत वाढीव किमतीत चांगलं पोलाद, नीट पाणी, मधोमध बसणारं पातं मिळतं. त्यापुढे टायटॅनियमची मूठ, रंग, मोजक्याच नगांची मालिका यांचे पैसे असतात. आंबा कापताना त्यांचा उपयोग नाही. नारळ फोडायला, लाकूड तोडायला तर कुठलाच परदेशी चाकू नको. गावच्या लोहाराने गाडीच्या कमानपट्ट्याचा बनवलेला कोयता त्या कामात सरस आहे, आणि मूठ ढिली झाली तर तोच बसवूनही देतो.

खिशात ठेवणं कायद्यात बसतं का?

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू त्या मापात येत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निवडणुका, सण, मोर्चे अशा वेळी जिल्ह्यात आदेश निघतात आणि त्या काळात चाकूच काय, काठी बाळगायलाही मनाई असते. वर्तमानपत्रात असा आदेश दिसला की चाकू घरी ठेवा. चिपी किंवा मोप्याहून विमानाने जाताना हातातल्या सामानात चाकू चालत नाही, बॅग तपासणीला द्यायची त्यातच ठेवा.

चीक, गंज, धार. निगा कशी ठेवायची?

फणसाचा चीक पाण्याने निघत नाही. आधी खोबरेल चोळा, कापडाने पुसा, मग साबण. खोबरेल पात्याला ठीक आहे, पण सांध्यात घालू नका, थंडीत ते थिजतं आणि धूळ धरतं. सांध्यात शिलाई मशीनचं पातळ तेल एक थेंब. खाण्याच्या कामाचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफीन घाला. मासळी कापल्यावर गोड्या पाण्याने लगेच धुवा, उघडा ठेवून पूर्ण सुकवा, मगच मिटा. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि पातं खातं.

दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर चांगलं पातं देऊ नका. चाक कोरडं असतं, ठिणग्या उडतात, पाणी उतरतं. घरच्या निसण्यावर पाणी घालून, आधी जाड्या आणि मग बारीक बाजूवर, एकच कोन धरून घासा. धार लागली का ते ट्यूबलाइटखाली बघा. धारेवर जिथे उजेड चमकतो तिथे ती अजून बोथट आहे.

आजोबांचा जुना, गंजलेला परदेशी चाकू सापडलाय. वाचेल का?

आधी घासू नका. सांध्यात तेल सोडून दोन दिवस ठेवा, मग पातं जबरदस्ती न करता हळूहळू हलवा. तांबेरा वरचा असेल तर तेल आणि बारीक पॉलिश पेपरने जाईल. खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर धार तिथे टिकणार नाही. बुडाशी कोरलेलं नाव मात्र घासून घालवू नका. तो चाकू कुठल्या गावचा, ते सांगणारी तेवढीच जागा असते.